तेरच्या घरातले उंदीर

२०२४च्या दिवाळीत गावी गेलो तेव्हा आमच्या तेरच्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. हॉलमध्ये, जिन्याखाली, दादांच्या पलंगाच्या दोन्ही बाजूंना सोयाबीनची पोती रचलेली. चुलत भावाने मोजून सांगितलं, बेचाळीस. त्या वर्षी सरकारी हमीभाव होता क्विंटलला ४,८९२ रुपये आणि बाजारातला भाव त्याच्या बराच खाली. आज वाढेल, उद्या वाढेल म्हणून गावात घरोघरी माल ठेवला होता. आमच्याकडे घर हेच गोदाम झालं होतं.

आणि गोदामात जे येतात ते आले होते. रात्री दिवे गेले की छतावर धावपळ सुरू व्हायची. पोत्यांच्या खालच्या कडा कुरतडलेल्या, फरशीवर सोयाबीनचा भुगा, स्वयंपाकघरात लेंड्या. भाभींनी पिंजरा लावून पाहिला, दुकानातून आणलेल्या वड्या टाकून पाहिल्या. तिसऱ्या दिवशी चहा देताना त्या मला म्हणाल्या, "भाई, तुमे तारीख लिखते ना? तो बताओ, ये चूहे कैसे जाते?"

मी हसलो. इतिहास लिहिणाऱ्याला घरचे लोक अशीच कामं सांगतात. पण त्याच दुपारी भाभींनी माळ्यावरची पेटी खाली काढली आणि माझं हसू गेलं. पेटीत दादांचा निजामाच्या काळातला शाळेचा उर्दू दाखला होता, काही पत्रं होती आणि शेताच्या सेतवारची जुनी नक्कल होती. उंदरीण त्यात व्याली होती. कागदांचा कापूस करून तिने पिल्लांसाठी गादी केली होती.

आपल्यासारख्यांच्या घरात कागद म्हणजे काय, हे अलीकडच्या काळात कुणाला समजावून सांगायची गरज राहिलेली नाही. म्हणून भाभींचा प्रश्न मी गंभीरपणे घेतला. त्याचं उत्तर शोधताना जे सापडलं ते इथे लिहितो आहे.

तगर नावाचं गोदाम

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गावातल्या रामलिंगप्पा लामतुरे वस्तुसंग्रहालयात गेलो. लहानपणापासून कितीतरी वेळा गेलोय. तिथली हस्तिदंती स्त्रीमूर्ती पाहायला देशभरातून अभ्यासक येतात, कारण तिच्या जवळची बहीण शोभेल अशी मूर्ती इटलीतल्या पॉम्पेईत १९३८ साली सापडली. पॉम्पेई इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गेलं. म्हणजे त्याआधीच आपल्या बाजूची वस्तू तिथल्या घरात पोचलेली होती.

तेरचं जुनं नाव तगर. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशाने लिहिलेल्या 'पेरिप्लस' या ग्रंथात पैठण आणि तगर या दोन मोठ्या बाजारपेठांची नोंद आहे. पैठणहून दहा दिवसांच्या वाटेवर तगर, तिथून साधं कापड आणि मलमल गाड्यांत भरून वाईट रस्त्यांनी भडोचला जाते, आणि तिथून जहाजात, असं तो सांगतो. हे तगर नेमकं कुठलं यावर पंडितांचा बरीच वर्षं वाद होता. कुणी देवगिरी म्हणे, कुणी जुन्नर. जुन्या इंग्रजी नकाशांत 'थैर' असं लिहिलेलं आमचं गाव म्हणजेच तगर, हे जे. एफ. फ्लीट यांनी १९०१ साली मांडलं. पुढे हेन्री कझिन्स यांनी इथल्या विटांच्या त्रिविक्रम मंदिराचा अभ्यास केला. ते मंदिर मूळचं बौद्ध चैत्यगृह. १९५८ साली बा. ना. चापेकरांनी उत्खनन केलं. त्यातून मणी निघाले, मातीचे दिवे निघाले, खापरं निघाली. जुन्या थरांत जळून काळे झालेले धान्याचे दाणेसुद्धा मिळाले.

आता ज्या गावात गाड्या भरतात, धान्य साठतं, कापडाचे गठ्ठे पडून असतात, तिथे उंदीर नसतील का? व्यापाराच्या इतिहासात आपण मलमल मोजतो, मणी मोजतो, नाणी मोजतो. गठ्ठ्यात बसून गेलेला प्रवासी मोजत नाही. ज्याला शास्त्रज्ञ काळा उंदीर म्हणतात, तो घराच्या आढ्यावर धावणारा लांब शेपटीचा उंदीर मूळचा आपल्या उपखंडातला. युरोपात तो नव्हता. माणसांच्या मागे मागे, धान्याच्या मागे मागे पश्चिमेकडे सरकत तो रोमच्या साम्राज्यात पोचला. युरोपभरच्या जुन्या हाडांमधली जनुकं तपासून २०२२ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यानुसार हा उंदीर युरोपात दोनदा वसला. एकदा रोमन काळात, आणि रोमची व्यवस्था मोडल्यावर संख्या घटल्यानंतर दुसऱ्यांदा मध्ययुगात. धान्याची ने-आण थांबली, शहरं ओस पडली, तसा उंदीरही ओसरला. कुणी विष घातलं नव्हतं, पिंजरे लावले नव्हते. मला यातलं हे वाक्य सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. उंदीर आपल्या घरात येत नाही, तो आपल्या धान्याच्या घरात येतो.

तेरच्या लोकांनी यावर काय केलं असेल? त्याचं उत्तर खापरांतच आहे. भाजलेल्या मातीचा रांजण उंदराला कुरतडता येत नाही. त्याचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात म्हणून तो लाकूड, कातडं, पोतं, प्लास्टिक, काहीही कुरतडतो. पण भट्टीत नीट भाजलेल्या गोल, गुळगुळीत पोटावर त्याचा दात बसत नाही. तोंडावर झाकण आणि झाकणाला शेणमाती लिंपली की झालं. तेर हे कुंभारांचं गाव म्हणून महाराष्ट्राला माहीत आहे ते संत गोरोबाकाकांमुळे. तेरणेच्या काठी त्यांची समाधी आहे. कुणाचं मडकं कच्चं आणि कुणाचं पक्कं, हे थापटण्याने डोक्यावर मारून पाहणाऱ्या गोरोबांची गोष्ट आमच्या घरातही सांगितली जायची. अध्यात्म बाजूला ठेवलं तरी बायाबापड्यांना त्यातला व्यवहार कळत होता. कच्चं मडकं म्हणजे उंदराची सोय.

दादीची कणगी

माझ्या लहानपणी घरात सोयाबीन नव्हतं, ज्वारी होती. ज्वारी ठेवायच्या तीन जागा. वर्षभराची मोठी साठवण पेवात, म्हणजे जमिनीखालच्या खड्ड्यात. तळाला आणि कडेला कडबा, भुसा लावायचा, ज्वारी ओतायची आणि वरून मातीने तोंड बंद करायचं. आतली हवा संपली की किडाही जगत नाही आणि उंदीरही. माणूसही जगत नाही, म्हणून पेव उघडल्यावर बराच वेळ तसंच ठेवून आधी कंदील सोडून बघत. कंदील विझला तर खाली उतरायचं नाही. दुसरी जागा बळद, भिंतीतच बांधलेली कोठी. तिसरी कणगी, बांबूची किंवा तुराट्यांची विणलेली, आतून बाहेरून शेणाने सारवलेली. कणगी सोयीची, पण तीच सगळ्यात कच्ची. सारवण पडलं की त्या रात्रीच भोक.

दादी दर शुक्रवारी कणगी तपासायची. हाताने चाचपून, खालून वर. कुठे ओल, कुठे पोपडा, कुठे बोट शिरेल इतकी फट. कणगी दगडांवर ठेवलेली, भिंतीपासून वीतभर दूर, म्हणजे मागून मांजर फिरू शकेल. धान्यात लिंबाचा वाळलेला पाला आणि राख. ती म्हणायची, चूहा भिंतीच्या आधाराने चालतो, त्याला मोकळं मैदान आवडत नाही. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. पुढे मी उंदरांवरचं शास्त्रीय लिखाण वाचलं तेव्हा तेच लिहिलेलं दिसलं.

रात्री झोपण्यापूर्वी दोन कामं चुकायची नाहीत. पाण्याच्या आणि अन्नाच्या भांड्यांवर झाकण आणि चिमणी विझवणं. आम्ही पोरं अंधाराला भ्यायचो. दादी सांगायची, रसूलुल्लाहचं फर्मान आहे. मला ती तिची युक्ती वाटायची. मोठेपणी बुखारीत हदीस पाहिली तेव्हा कळलं की खरंच तसं सांगितलेलं आहे. झोपताना दिवे विझवा, कारण उंदीर वात ओढून नेतो आणि घरातल्या लोकांसकट घर पेटवून देतो, असा तिचा आशय आहे. मदिनेतल्या खजुराच्या पानांच्या चटया, तेलाचे दिवे आणि रात्री तेल चाखायला येणारा उंदीर, सगळं डोळ्यासमोर येतं. संस्कृतात उंदराला मूषक म्हणतात, चोरणारा. हदीसमध्ये त्याचं नाव फुवैसिका, छोटासा बदमाश. हरमच्या हद्दीत शिकारीला मनाई असूनही ज्या पाच प्राण्यांना मारायला परवानगी आहे, त्यांत कावळा, घार, विंचू आणि चावरा कुत्रा यांच्या जोडीला तो आहे. तुपात उंदीर पडला तर तो आणि त्याच्या भोवतीचं तूप काढून टाका, उरलेलं खा, हेही सांगितलेलं आहे. गरिबाच्या घरातलं सगळं तूप फेकायला लावणारा हा धर्म नाही. मांजराचं उष्टं नापाक मानू नका, ती तुमच्या घरात ये-जा करणाऱ्यांपैकीच आहे, असंही हदीसमध्ये येतं. आमच्याकडे मांजर नेहमी असायचंच.

शेजारच्या मावशींकडे मात्र पंचाईत. उंदीर गणपतीचं वाहन, मारायचा कसा? त्या पिंजऱ्यात धरायच्या आणि त्यांचा मुलगा पिंजरा सायकलला अडकवून तेरणेच्या पलीकडे सोडून यायचा. दादी त्यांना म्हणायची, "तुमचा उंदीर आमच्या घरी मुक्काम करून मग तुमच्याकडे येतो बाई, जेवणाचा खर्च आमचा." दोघी हसायच्या. पण मावशींची कणगी आणि दादीची कणगी सारख्याच तऱ्हेने सारवलेली असायची, दगडांवर ठेवलेली असायची. मारण्याबद्दल मतं वेगळी होती, साठवण्याबद्दल नव्हती.

उंदीर राहिले, माणसं पकडली

उंदराच्या इतिहासातलं सगळ्यात काळं पान प्लेगचं आहे. सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मुंबईच्या मांडवी भागात प्लेग ओळखला. मांडवी म्हणजे बंदराजवळची धान्याची गोदामं. तिथे आधी उंदीर मरून पडले, मग माणसं. पण त्या वेळी या दोन गोष्टींचा संबंध सरकारला कळलेला नव्हता. प्लेग घाणीतून, दूषित हवेतून, एका माणसाकडून दुसऱ्याकडे जातो, या समजुतीवर १८९७चा साथरोग कायदा आला आणि माणसांची शोधाशोध सुरू झाली. घराघरांत शिरून तपासणी, आजाऱ्याला उचलून इस्पितळात, घरच्यांना छावणीत. सामान जाळायचं, कौलं काढायची, जमीन खणायची, कार्बोलिक अॅसिडने भिंती धुवायच्या. पुण्यात रँडच्या कारभाराचं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. २२ जून १८९७ला चापेकर बंधूंनी त्याच्यावर गोळी झाडली. त्याच साथीत लोकांची शुश्रूषा करताना १० मार्च १८९७ला सावित्रीबाई फुले गेल्या.

मुंबईतली एक घटना तितकी आठवली जात नाही. ९ मार्च १८९८ला मदनपुऱ्यातल्या जुलाह्यांच्या, म्हणजे मोमीन विणकरांच्या वस्तीत प्लेगची तपासणी करणारं पथक एका आजारी मुलीला न्यायला आलं. घरच्यांनी नकार दिला, गर्दी जमली, दंगल झाली, गोळीबार झाला. आपल्या लोकांच्या 'अडाणी हट्टाचं' उदाहरण म्हणून हा प्रसंग सांगितला जातो. मला तो वेगळा दिसतो. ज्या घरात परका पुरुष पडद्याच्या आत येऊन मुलीच्या काखेत, जांघेत गाठ आहे का बघणार, त्या घराने विरोध केला यात नवल काय? पुण्याच्या वाड्यांतही हाच राग होता. शिवाय ज्या गोष्टीसाठी हा अपमान सोसायचा, ती गोष्टच चुकीची होती. त्यानंतर तीनच महिन्यांत, जून १८९८ मध्ये, कराचीत पॉल-लुई सिमोन या फ्रेंच डॉक्टरने दाखवून दिलं की प्लेग उंदरावरच्या पिसवेतून जातो. त्याच्यावर बरीच वर्षं कुणी विश्वास ठेवला नाही. १९०५ नंतर मुंबईत नेमलेल्या प्लेग संशोधन आयोगाने प्रयोग करून ते पक्कं केलं. तोवर हजारो घरं धुऊन निघाली होती आणि त्या घरांतले उंदीर शेजारच्या घरात राहायला गेले होते.

लोक सगळ्याच गोष्टींना विरोध करत होते असंही नाही. हाफकिनने जानेवारी १८९७ मध्ये मुंबईत स्वतःला टोचून घेऊन लस तयार केली, तेव्हा तरुण आगा खान यांनी आपल्या लोकांसमोर ती टोचून घेतली आणि हाफकिनला कामासाठी जागाही दिली. समजावून सांगितलं की लोक ऐकतात. घरात घुसलं की दगड मारतात.

निजामाच्या मुलखातही प्लेग आला. १९११ साली हैदराबादेत मोठी साथ झाली आणि पुढच्याच वर्षी तिथे सिटी इम्प्रूव्हमेंट बोर्ड स्थापन झालं, कोंदट वस्त्या मोकळ्या करायला, हवेशीर घरं बांधायला. खेड्यात बोर्ड नव्हतं, पण रीत होती. दादीच्या आईच्या आठवणीत 'गाठीचा ताप' होता. घरात उंदीर पडायला लागले की गाव उठून शेतात झोपड्या घालून राही. मशिदीत यावर चर्चा व्हायची म्हणे. वबा जिथे आहे तिथे जाऊ नका आणि तिथून पळू नका, असा हुकूम आहे, मग शेतात जाणं म्हणजे पळणं का? हजरत उमर शामच्या वाटेवरून वबेची खबर ऐकून परत फिरले, तेव्हा अबू उबैदा यांनी त्यांना विचारलं होतं की अल्लाहच्या तकदीरपासून पळता का? उमर यांचं उत्तर असं होतं की एका तकदीरकडून दुसऱ्या तकदीरकडे जातो आहोत. गावच्या मौलवींनी निकाल दिला की शेत म्हणजे गावच, शिवेच्या आत आहे. धर्मही सांभाळला आणि माणसंही वाचली.

किल्लारीनंतरचं वर्ष

हे सगळं पुस्तकातलं वाटत होतं, माझ्या वयाच्या दहाव्या वर्षापर्यंत.

३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या दिवशी गणेश विसर्जन होतं. लातूर आणि उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातली गावंच्या गावं बसली. दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. दगडमातीच्या जाड भिंती आणि त्यावर मातीचं माळवद, तेच छत अंगावर आलं. तेर वाचलं, पण आमच्या मागच्या खोलीची भिंत फुगली आणि बळदाला तडा गेला. त्यानंतर कितीतरी महिने आम्ही अंगणात ताडपत्रीखाली झोपलो. जमीन हलली की नाही हे बघायला अब्बा उशाशी पाण्याचा तांब्या ठेवायचे. माणसं बाहेर आणि धान्य आत, असं ते वर्ष गेलं.

आत कोण राहत होतं ते सांगायला नको. कणगी चाचपायला दादीला आत जाऊ देत नव्हते. सारवण पडलं, बळदाची फट वाढली. संध्याकाळी दार उघडलं की जमीन हलतेय असं वाटायचं, इतके उंदीर. उंदराची मादी तीन आठवड्यांत विते, एका वेळी सहा-आठ पिल्लं, आणि ती पिल्लं दोन-तीन महिन्यांत पुन्हा विणारी. रिकामं घर आणि भरलेली कणगी, यापेक्षा त्यांना आणखी काय हवं होतं?

१९९४च्या ऑगस्टमध्ये आमच्या शेजारच्या बीड जिल्ह्यातल्या मामला गावात उंदीर मरून पडू लागले, मग घरांत पिसवांचा सुळसुळाट झाला, मग लोकांना गाठी आल्या. सप्टेंबरच्या उत्तरार्धात सुरतेत फुप्फुसाचा प्लेग उसळला, पन्नासहून जास्त लोक मेले आणि लाखो लोक शहर सोडून पळाले. भारतात १९६६ नंतर प्लेगचा खात्रीचा रुग्ण नोंदला गेला नव्हता. ती साथ प्लेगचीच होती का, यावर पुढे बराच वाद झाला. मामल्याबद्दल अनेक अभ्यासकांनी मांडलेलं स्पष्टीकरण मला माझ्या अंगणावरून पटतं. भूकंपानंतर लोक घरात झोपेनात, धान्य तडकलेल्या घरांत पडून राहिलं, मदतीचं धान्य त्यात भरीला आलं, रानातले उंदीर घरातल्या उंदरांत येऊन मिसळले. रानातल्या उंदरांत जो रोग दबून राहिलेला असतो तो असा घरापर्यंत येतो.

तेरमध्ये प्लेग आला नाही. भीती आली. दुकानांतून टेट्रासायक्लिनच्या गोळ्या संपल्या. बाहेरगावच्या नातेवाइकांनी लग्नाला येऊ नका असा निरोप पाठवला. एका सकाळी आमच्या जिन्यात मेलेला उंदीर सापडला. अम्मी त्याला काठीने ढकलायला निघाली तर आरोग्य खात्याच्या माणसाने सांगितलेलं अब्बांनी आठवण करून दिली. हात लावायचा नाही, आधी पावडर. उंदीर मेला की त्याच्या अंगावरच्या उपाशी पिसवा नवं अंग शोधतात, आणि जवळचं अंग आपलंच असतं. म्हणून प्लेगच्या काळात आधी पिसवा मारायच्या, उंदीर नंतर. जिथे लोक घाईने उंदीर मारत सुटतात तिथे ते स्वतःवर पिसवा सोडत असतात. पावडर टाकली, तासाभराने चिमट्याने उचलून परसात पुरला. तो उंदीर बहुधा मांजराने मारलेला होता. आम्ही दोन दिवस जेवलो नाही नीट.

भाभींना काय सांगितलं

भाभींनी आणलेल्या वड्या ब्रोमाडिओलोनच्या होत्या. हे विष रक्त गोठू देत नाही, उंदीर चार-पाच दिवसांनी मरतो. या जातीच्या विषांचा पूर्वज वॉरफरिन. कुजलेलं गवत खाऊन गाई रक्तस्राव होऊन मरतात, या अमेरिकेतल्या शेतकऱ्यांच्या तक्रारीतून विस्कॉन्सिन विद्यापीठात ते सापडलं आणि १९४८ पासून उंदरांसाठी विकलं गेलं. हृदयाची झडप बदलल्यावर अब्बांना डॉक्टरांनी जी गोळी दिली तीही हीच. अब्बांना मी ते कधी सांगितलं नाही.

वड्या वाईट नाहीत, पण बेचाळीस पोती सोयाबीन समोर असताना उंदराने वडी का खावी? शेतकरी झिंक फॉस्फाईड वापरतात. भरड धान्य ९६ भाग, तेल २, विष २. त्यातही आधी दोन-तीन दिवस बिनविषाचं आमिष ठेवावं लागतं, कारण उंदीर नवी वस्तू आधी थोडी चाखतो आणि त्रास झाला की पुन्हा तिच्या वाटेला जात नाही. या विषाला उतारा नाही. लहान मुलं असलेल्या घरात ते आणूच नये, आणि पिवळ्या फॉस्फरसची पेस्ट तर मुळीच नाही.

मारण्याच्या आकड्यांचा मोह सरकारलाही असतो. मुंबई महापालिकेचे रात्रपाळीचे मूषक संहारक रोज रात्री तीस उंदीर मारून सकाळी मोजून देतात, कष्टाची नोकरी आहे ती. आणि मार्च २०१८ मध्ये एकनाथ खडसे यांनी विधानसभेत सांगितलं होतं की मंत्रालयात सात दिवसांत ३,१९,४०० उंदीर मारल्याचं कंत्राटदाराने दाखवलं आहे. नंतर खुलासा आला की तो आकडा उंदरांचा नाही, गोळ्यांचा होता. तीस-तीस मोजणाऱ्यांना हे वाचून काय वाटलं असेल?

मी आणि भावाने दोन दिवस काम केलं. पोती भिंतीपासून दीड हात पुढे ओढली आणि लाकडी फळ्यांवर, विटांवर चढवली. पेन्सिल शिरेल एवढ्या फटीतून बारका उंदीर येतो, म्हणून पेन्सिल घेऊन घरभर फिरलो. मोरीच्या पाइपाभोवती, दाराच्या खाली, छताच्या पत्र्याच्या नळ्यांत. तारेची जाळी कोंबून वर सिमेंट. दारांच्या खालच्या कडेला पत्रा. घराला लागून रचलेला कडबा आणि तुराट्या खळ्यात हलवल्या. पिंजरे भिंतीलगत ठेवले, रोज जागा बदलली, आत भजं ठेवलं. खायची ज्वारी पत्र्याच्या कोठीत गेली. पहिल्या तीन रात्रींत अकरा उंदीर आणि एक घूस. पिंजऱ्यात चिचुंद्रीही आली, ती सोडून दिली. तिचा वास येतो, पण ती झुरळं खाते आणि ती उंदराच्या जातीची नाही.

भाभी म्हणाल्या, एवढंच? एवढंच. दादीला हे सगळं माहीत होतं. फरक इतकाच की दादीकडे वर्षाच्या ज्वारीसाठी पेव होतं, बळद होतं. सोयाबीन घरात ठेवायचं पीकच नाही, त्याला घरात जागा केलेलीच नाही. ते बाजारात जायला आलेलं आहे आणि बाजार त्याला घेत नाही.

जानेवारीत भावाने हमीभावाची वाट सोडून माल विकला. भाभींनी फोनवर सांगितलं, घर रिकामं झालं तसे छतावरचे आवाज थांबले. आता शेजारी ऐकू येतात, त्यांची पोती अजून आहेत.

पेटीतल्या कागदांपैकी दाखल्याचा वरचा अर्धा भाग वाचला आहे. शाळेचं नाव आहे, गावाचं नाव आहे, दादांचं नाव आहे, त्यांच्या वालिदांच्या नावाच्या जागी दातांच्या खुणा आहेत. तो मी बिस्किटांच्या डब्यात घालून पुण्याला आणला. सेतवारच्या नव्या नकलेसाठी अर्ज केला आहे.